निरोगी क्रमांक वीस

शनिवार, ४ ऑगस्ट २००७

औषध कंपनीच्या माणसानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कपाटावर धूळ खात पडली होती. आज खाली काढली, कारण वंजारपट्टी नाक्यावरच्या आमच्या एमआरआय सेंटरला आज पहिल्यांदा मोठं काम मिळालं. मोठं काम करणाऱ्या माणसानं नोंद ठेवावी.

डॉ. पूर्वी कारखानीस आल्या होत्या. मुंबईत हार्मोनच्या डॉक्टर. शरीरातल्या ग्रंथी बिघडल्या की मेंदूत काय फरक पडतो याचा त्या अभ्यास करतायत. वीस रोगी आणि वीस निरोगी, अशा चाळीस जणांच्या मेंदूचे फोटो काढून शेजारी शेजारी लावायचे. रोगी त्या पाठवणार. निरोगी आम्ही शोधायचे. दर शनिवारी त्या स्वतः येतील. दिवाळीपर्यंत चाळीस पुरे झाले तर अभ्यासात भिवंडीचं नाव लागेल, नाहीतर सगळं काम ठाण्याला जाईल.

लडकूमामा, म्हणजे माझे सख्खे मामा आणि सेंटरचे मालक, हे ऐकून सरसावून बसले. मानकोलीची जमीन गोडाऊनला देऊन त्यांनी हे मशीन घेतलंय, आणि गावात अजून लोक त्याला "लडकूची मोठी भट्टी" म्हणतात. मला म्हणाले, "केशा, काम ठाण्याला गेलं ना, तर तुलाच त्या भट्टीत कायमचा झोपवीन."

मी म्हटलं, मामा, दसऱ्यालाच चाळीस करून दाखवतो. दहा वर्षं मशीन चालवतोय. माझ्या नजरेतून सुईच्या टोकाएवढी गोष्ट सुटत नाही.

मॅडमना चहा मीच दिला. कप घेताना त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. कामाचा हात ओळखणारी बाई दिसते.

शनिवार, ११ ऑगस्ट

आज पहिली रोगी झाली. हौसाबाई, गणेशपुरीकडच्या एका पाड्यावरची, वय एकतीस. एवढ्या उकाड्यात अंगावर चादर घेऊन आली होती. नवरा काळूराम सांगत होता, "सा वर्सं झाली, पोरगा झाला तवा लय रगत गेलं. दूध आलंच न्हाय. तवापासून ही नुसती झोपते. माझी आय बोलते, सून आळशी हाय. पन मॅडम, ही आळशी न्हवती."

हौसाबाई मंगळसूत्र काढायला तयार होईना. मशीन म्हणजे भलंमोठं चुंबक, अंगावर धातू चालत नाही. दारावर मीच पाटी लावली आहे: धागा, दोरा, सोनं, पिना, सगळं काढा. असल्या वेळी माझं एक ठरलेलं वाक्य आहे. मी म्हटलं, "बाई, अर्धा तास माझ्याकडे दे. तेवढ्यात तुझ्या नवऱ्याला मी काही होऊ देत नाही. मी बाहेर त्याच्यासोबतच बसतो." ती पहिल्यांदा हसली आणि काढून दिलं.

तिचा फोटो मी आधी बघितला, मग मॅडमनी. दोन डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, हाडाचा एक छोटा खळगा असतो. त्यात वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी बसते. एवढीशी असून साऱ्या शरीराची मुकादम. कुठल्या ग्रंथीनं कधी किती काम करायचं, ते ही सांगते. हौसाबाईचा खळगा जवळजवळ रिकामा होता. बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा ग्रंथी सुकून गेली, असं मॅडम म्हणाल्या. मुकादमच नाही, तर कापडाचे लूम चालणार कसे? सहा वर्षं बाईला आळशी म्हणून बोल लावले आणि दोष होता वाटाण्याएवढ्या जागेत.

मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या. काळूराम विचारत होता, "बरी व्हईल?" मॅडम म्हणाल्या, "होईल. पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

रविवार, १९ ऑगस्ट

रोगी मिळतात. निरोगी मिळत नाहीत. आमच्या कामतघरात धडधाकट माणसानं दवाखान्याची पायरी चढणं म्हणजे आजाराला आवतण देणं. आज चाळीत सात घरं फिरलो. मोरूकाकांनी तर सांगून टाकलं, "भट्टीत गेलेला मानूस नीट भायेर आला तरी त्याचं डोकं पातळ व्हतं."

शेवटी मी म्हटलं, "काका, मी स्वतः तीनदा आत जाऊन आलोय. बघा माझ्याकडे."

सगळ्यांनी बघितलं. बघण्यासारखा आहेच मी. मामानं जमीन विकल्यापासून आमच्या सगळ्या घराण्याच्या अंगावर तेज आलंय, पण माझ्याइतकं कोणाच्या नाही. खांदे, पंजे, जबडा, सगळं कसं भरलंय. मोरूकाका म्हणाले, "गोडाऊनचं पानी लागलंय रं तुला," आणि पुढच्या शनिवारी यायला कबूल झाले. त्यांच्यामागे आणखी चौघे.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी एकदाही आत गेलेलो नाही. लहानपणी भाताच्या कणगीत लपलो होतो आणि वरून कोणी तरी झाकण ठेवलं. आमचं मशीन बाजूंनी उघडं आहे, पण नाकावर चार बोटांवर छत येतं, त्याचा विचार आला तरी मी दोन पावलं मागे सरतो. लोकांना झोपवतो, मी बाहेर बसतो, हे बरं आहे.

मंगळवार, २८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. मैनाला, म्हणजे बायकोला, घेऊन सासुरवाडीला खाडीवर जायला निघालो तर हेल्मेट डोक्यात जाईना. दोन वर्षांत दुसरं हेल्मेट. हल्ली माल हलका येतो, पावसात भिजला की आक्रसतो. चपलांचंही तेच. पूर्वी आठ नंबर व्हायचा, आता दहा लागतो. कंपन्यांनी नंबर छोटे केलेत, ग्राहकानं भांडायचं कोणाशी?

मैना म्हणाली, "कंपनीनं फकस्त तुमचाच नंबर लहान केला काय? माझी चप्पल त्याच नंबरची हाय."

बायकांच्या चपला वेगळ्या कारखान्यात होतात, असं मी तिला समजावलं. चार महिन्यांपासून ती बाहेरच्या खोलीत झोपते. माझ्या घोरण्यानं भिंत हलते म्हणते.

शनिवार, ८ सप्टेंबर

निरोगी नऊ, रोगी अकरा.

मशीनवर बसलो होतो आणि रुचिका केव्हा बाजूला येऊन उभी राहिली कळलंच नाही. रुचिका पडघ्याची, आमच्याकडची दुसरी टेक्निशियन, कामाला चोख. बोलली तेव्हा मी दचकलो. म्हटलं, मांजरीसारखी काय येतेस? ती म्हणाली, "सर, मी पाच मिनिटं इथेच आहे. दोनदा हात हलवला." तरुण पोरींना चालताना आवाज करायची सवय राहिली नाही.

मॅडमनी आज भिंतीवरचं माझं जुनं ओळखपत्र बघितलं, मी कोर्स केला तेव्हाचं. विचारलं, "हा तुमचा धाकटा भाऊ का?" मी हसत सुटलो. म्हटलं, मॅडम, मीच तो. मधे दहा वर्षांचे बोंबील आहेत. त्या हसल्या नाहीत. विचारलं, डोकं दुखतं का, घाम फार येतो का, अंगठी घट्ट होते का. मी म्हटलं, डोकं या मशीनच्या खटखटीनं दुखतं, घाम भिवंडीत कोणाला येत नाही? त्या म्हणाल्या, "केसरीनाथ, निरोगींमध्ये तुम्हीही हवे आहात. पण आधी तुमचं रक्त देऊन ठेवा. पुढच्या शनिवारी."

पुढच्या शनिवारी गणपती बसतायत. रक्त कोण देणार?

मॅडमना माझ्याविषयी आपुलकी वाटू लागली आहे, हे मात्र खरं.

गुरुवार, २७ सप्टेंबर

धामणकर नाक्यावर उजवीकडून हातगाडी आली, तिच्यावर लूमचे बीम, सुताचे मोठाले रूळ, लादलेले. मला दिसली तेव्हा ती माझ्या गुडघ्याला लागली होती. गाडीवाला ओरडला, "भाईसाब, कब से चिल्ला रहा हूँ!" स्कूटरचा आरसा गेला. महिनाभरात हा दुसरा. समोरचं मला स्वच्छ दिसतं, लांबच्या बसची पाटीसुद्धा वाचतो. हे लोक बाजूनं घुसतात, त्याला माझा काय इलाज?

मैनाला सांगितलं नाही. आरसा नवा बसवून घेतला.

शनिवार, ६ ऑक्टोबर

आज हौसाबाई परत आली. मी ओळखलंच नाही. चादर नाही, डोक्याला तेल, हातात दुधी भोपळा. सेंटरच्या दोन पायऱ्या धावत चढली. म्हणाली, "दादा, तुमच्यासाठी. मी सोता लावलाय, सोता तोडलाय." काळूराम मागून म्हणाला, "आता आमच्या आयलाच दम लागतो हिच्यामागं."

आठ आठवडे गोळ्या. सहा वर्षांची झोप उतरली. मॅडम तिला दिवस-वार विचारत होत्या, उलटे आकडे मोजायला लावत होत्या, आणि ती सटासट सांगत होती. मेंदू तोच, फक्त त्याला मुकादमाचा हुकूम मिळाला. मॅडमनी गेल्या शनिवारी आणि आजही माझं रक्त मागितलं; दोन्ही वेळा मी म्हटलं, भिवंडीच्या डासांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

जाताना हौसाबाई माझ्या तोंडाकडे टक लावून म्हणाली, "दादा, तुमी बी मॅडमना दाखवा. मना लोक आळशी बोलत व्हते, मी बी तसंच मानलं. तुमाला लोक काय बोलतात?"

मी म्हटलं, मला लोक पैलवान म्हणतात. ती म्हणाली, "त्येच तं."

बाईचा स्वभाव भोळा आहे. भोपळ्याची भाजी मात्र चांगली झाली. दातांत अडकली तेवढीच. हल्ली दातांमध्ये फटी पडल्यात माझ्या. फटीचे दात नशीबवानाचे असतात.

शनिवार, २० ऑक्टोबर

उद्या दसरा. रोगी वीस, निरोगी एकोणीस. यायला कबूल झालेला विसावा माणूस सकाळी फोन करून म्हणाला, बायको नको म्हणते. मामा खुर्चीतून उठून म्हणाले, "त्यात काय. केशा हाय ना. तीनदा जाऊन आलाय, चवथ्यांदा जाईल."

मॅडम, रुचिका, सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडम म्हणाल्या, "मीही तेच म्हणते आहे दीड महिना. पुढचा शनिवार. आणि रक्त आज, आता."

उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याचं हे फळ. रक्त दिलं. हो म्हटलं. भिवंडीचं नाव माझ्या भित्रेपणापायी गेलं असं नको व्हायला. फोटोच्या चार फेऱ्या, म्हणजे मशीनचे चारच आवाज असतात, वीस मिनिटं. निरोगी माणसाला चार आवाज झाले की बाहेर काढतो. फोटोत काही शंका आली तरच हाताच्या शिरेतून औषध टोचून पाचवा आवाज लावतो. चार आवाज मी श्वास रोखूनही काढीन.

बुधवार, २४ ऑक्टोबर

अंगठी निघत नाही.

साखरपुड्यात सासऱ्यांनी घातलेली, के अक्षराची. नऊ वर्षांत काढायची वेळ आली नाही. आज साबण लावला, तेल लावलं, मैनानं दोरा गुंडाळून ओढली. बोट लाल झालं. मैना म्हणाली, "दुसऱ्या बायकांना गोड बोलून मंगळसूत्रं काढायला लावता, आन् सोताची अंगठी निघत नाय."

गुरुवार, २५ ऑक्टोबर

दामूशेठ सोनारांकडे गेलो. अंगठी त्यांच्याच हातची. म्हातारा गप्प माणूस. कातरीनं अंगठी कापली, मग कड्यांच्या जुडग्यात माझं बोट घालून माप घेतलं, वहीतलं नऊ वर्षांपूर्वीचं माप काढलं. सहा नंबरांचा फरक.

मी म्हटलं, "अंग भरलंय शेठ. सुखाचं लक्षण."

त्यांनी माझं पेर दोन बोटांत धरून दाबलं. म्हणाले, "केसरीनाथ, पन्नास वर्षं आगरी लोकांची बोटं बघतोय. जमिनी विकल्यावर जाडी झालेली पण बघितली. चरबी मऊ लागते, दाबली की सरकते. ही चरबी नाही. हाड वाढलंय. चाळिशीला आलेल्या माणसाचं हाड कसं वाढेल?"

दुकानातून निघालो तो समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसून राहिलो. हाड वाढतं. हेल्मेट. चप्पल. जबडा. फटी. दहा वर्षांपूर्वी हे सगळं एकत्र मी पुस्तकात वाचलं आहे, परीक्षेत लिहिलं आहे. त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. आणि हातगाडी, जी मला बाजूनं दिसली नाही.

नाही. सोनाराचं काय मनावर घ्यायचं. शनिवारी चार आवाज होतील आणि सगळं स्पष्ट होईल.

शनिवार, २७ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहितो.

मी आत गेलो. मैना आली होती, तिनं माझे पाय धरले होते. छत जवळ आलं तेव्हा कणगी आठवली, पण मग मशीन सुरू झालं आणि मला हसू आलं. बाहेरून दहा वर्षं ऐकलेला तो आवाज आतून थेट आमच्या आळीतल्या लूमसारखा लागतो. लहानपणी मी त्या आवाजावर झोपायचो. पहिला आवाज, दुसरा, तिसरा. मला प्रत्येक आवाज कशाचा ते माहीत होतं. चौथा थांबला.

आता पाट सरकून बाहेर यायला हवा होता. आला नाही.

मी पडून राहिलो. काचेपलीकडचं बोलणं ऐकू येत नाही. माझ्या पायावरचा मैनाचा हात गरम होता. मग दार उघडलं आणि रुचिका आली. हातात ट्रे होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, थोडं टोचेल."

दहा वर्षं मी लोकांना हे वाक्य म्हटलंय. मी हात पुढे केला आणि मूठ आवळली. पाचवा आवाज सगळ्यात लांब असतो.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, आधी बसा. मी म्हटलं, मॅडम, मला बघू द्या, मी टेक्निशियन आहे. खळग्यात वाटाणा नव्हता. मोठ्या बोराएवढा गोळा होता, खळग्याच्या वर चढून डोळ्यांच्या नसांना खालून रेटत होता. दोन सेंटिमीटर दोन मिलिमीटर. माप मीच घेतलं.

मी खूप रडलो. मामा दारात उभे होते. ते म्हणाले, "मी समजत व्हतो, जमिनीचं सुख लागलंय पोराला," आणि तेही रडले.

मॅडमना मी रागानं विचारलं, पहिल्या दिवशी हात बघितलात तेव्हाच का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "शंका होती. तीनदा रक्त मागितलं. तुम्ही तीनदा विनोद केलात." खोटं नाही. मग म्हणाल्या, "ही गाठ कॅन्सरची नाही. नाकातून काढतात, डोकं उघडावं लागत नाही. नसा अजून दबलेल्या आहेत, मेलेल्या नाहीत. बाजूचं दिसणं परत येण्याची चांगली आशा आहे. उशीर केला असतात तर मी हे म्हटलं नसतं."

मंगळवार, ३० ऑक्टोबर

रक्ताचा निकाल आला, वाढीचं हार्मोन सहापट. १९ नोव्हेंबरला मुंबईत ऑपरेशन. स्कूटरची किल्ली मैनानं स्वतःच्या पदराला बांधली आहे.

भीती वाटते. पण हौसाबाई दोन पायऱ्या धावत चढली ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, समोरून बघितलंय, त्यात चूक नाही. रिकामा खळगा गोळीनं चालू होतो, तर भरलेला खळगा रिकामा करणं काय अवघड आहे? करणारा चांगला हवा. मॅडम म्हणतात, आहे.

संध्याकाळी मोरूकाका आले. त्यांना सांगितलं की मी तीनदा गेल्याचं खोटं बोललो होतो. ते म्हणाले, "आमाला म्हायती व्हतं. पन तू आमच्यासाठी येवढं खोटं बोललास, म्हंजे काम मोठं असंल, म्हनून आलो."

शनिवार, ३ नोव्हेंबर

निरोगींच्या यादीतून मी माझं नाव खोडलं आणि रोग्यांच्या यादीत लिहिलं, क्रमांक एकवीस. अक्षर चांगलं काढलं. पण त्यामुळे निरोगी पुन्हा एकोणीस, आणि दिवाळी सहा दिवसांवर. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, एकोणीस चालवून घेईन." मी म्हटलं, मॅडम, वीस म्हणजे वीस.

मैना डबा घेऊन आली होती. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाईमानूस चालंल?"

मी नको म्हटलं. मला भीती वाटली, हे लिहितो. मोरूकाकांसारखीच. घरात एकाचं निघालं तेवढं पुरे, उगाच आत डोकावू नये, असं वाटलं. ती म्हणाली, "सगल्या गावाला घातलंत. मना का नाय?"

तिनं बांगड्या काढल्या, जोडवी काढली, डोक्यातल्या पिना काढल्या. मंगळसूत्र हातात घेऊन थांबली. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला काय व्हनार नाय ना?"

मी म्हटलं, "मी बाहेर त्याच्यासोबतच बसतो."

मंगळसूत्र माझ्या डाव्या मुठीत होतं आणि उजव्या हातानं मशीन चालवलं. रुचिका माझ्या बाजूला उभी होती, मान वळवून मी तिला बघितलं. पडद्यावर मैनाचा खळगा आला. त्यात ग्रंथी बसली होती, वाटाण्याएवढी, सरळ, कुठे न चढलेली. मी ती तीनदा बघितली. मॅडमनाही बघायला लावली. दहा वर्षांत हजारो फोटो काढले असतील, पण निरोगी फोटो इतका सुंदर असतो हे मला माहीत नव्हतं.

फॉर्मवर लिहिलं: निरोगी क्रमांक वीस, मैना केसरीनाथ म्हात्रे.

ती बाहेर आली, पाटावर उठून बसली. मंगळसूत्र गळ्यात घालताना माझे बोजड हात आकड्यावर अडखळत होते, तिनं मान वाकवून वाट बघितली. मी म्हटलं, "मैना, तुझं..."

"म्हायती हाय," ती म्हणाली. "चार आवाज झाले. मी मोजत व्हते."